आधी कॅबिनेट उघड, मग कार्ड निवड

*दादा,*

*मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ऑफिसमधून निघालेला एक ब्रँडेड डेस्कटॉप माझ्या वाट्याला आलाय. इंटेल कोअर आय५-८५००, ८ जीबीची एकच रॅम स्टिक, २५६ जीबी एसएसडी, उभा टॉवर. एसएमपीएसवर २६० वॉट लिहिलंय. मॉनिटर १०८०पी, ६० हर्ट्झ. ग्राफिक्स कार्ड नाही.*

*साठवलेल्या पैशांत दोन पर्याय बसतात. एक, एनव्हीडियाची नवीन आरटीएक्स ३०५०, ६ जीबी, वॉरंटीसह. दुसरा, एएमडीची सेकंडहँड आरएक्स ६६००, ८ जीबी. दोन्हींची किंमत जवळपास सारखीच आहे. कार्ड घेऊन थोडे पैसे उरतील, पण त्यात अजून एखादीच वस्तू येईल.*

*एक मित्र म्हणतो, एनव्हीडियाच घे, डीएलएसएस मिळतं, एएमडीचे ड्रायव्हर भिकार असतात. दुसरा म्हणतो, ३०५० म्हणजे पैसे पाण्यात. मित्रांबरोबर रोज व्हॅलोरंट खेळतो, ते आत्ताही कसंबसं चालतं. पण खरी हौस सायबरपंक २०७७ सारख्या मोठ्या गेम्सची आहे. धाकट्या बहिणीला ब्लेंडर हे थ्रीडी सॉफ्टवेअर शिकायचंय. पंधरा दिवस व्हिडिओ बघून डोकं फिरलंय. काय घेऊ?*

*— दोन कार्डांत अडकलेला*

अडकलेल्या मित्रा,

पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तू जाता जाता लिहून गेलास: २६० वॉट. कार्डांबद्दल एवढं लिहिलंस, मित्रांची भांडणं सांगितलीस, आणि एसएमपीएसला, म्हणजे सगळ्या मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याला, एक वाक्य दिलंस. तुझं उत्तर त्या वाक्यातच आहे. पण ते नीट समजायला आधी कार्डांचा निकाल लावून टाकू, म्हणजे तुझ्या मित्रांनाही काहीतरी सांगता येईल.

नुसती दोन कार्डं टेबलावर शेजारी ठेवली तर आरएक्स ६६०० जिंकतं. थोडक्यात नाही, चांगलं जिंकतं. ढोबळमानाने, ३०५० च्या ६ जीबीवाल्या कार्डावर एखाद्या जड गेममध्ये सेकंदाला ४० फ्रेम (चित्रं) मिळत असतील, तर ६६०० वर त्याच सेटिंगला साठीच्या आसपास जायला हरकत नाही. हा आकडा गेमगणिक वरखाली होईल, पण कोण पुढे आणि कोण मागे हे बदलणार नाही. तुझा मॉनिटर ६० हर्ट्झचा आहे. म्हणजे चाळीस आणि साठ यांतला फरक तुला रोज डोळ्यांनी दिसेल. साठ आणि नव्वदमधला दिसला नसता.

आता ‘३०५०’ या नावाबद्दल, कारण इथे भलेभले फसतात. या नावाची दोन निरनिराळी कार्डं आहेत. पहिलं २०२२ च्या जानेवारीत आलं, ८ जीबीचं. दुसरं २०२४ च्या फेब्रुवारीत आलं, ६ जीबीचं. नाव बघून वाटतं की फरक फक्त मेमरीचा असेल. तसं नाही. जुन्यात २५६० कुडा कोअर (आकडेमोड करणारे छोटे भाग) होते, नव्यात २३०४ आहेत. मेमरीचा रस्ता १२८ बिटचा होता, तो ९६ बिटवर आला. त्यामुळे सेकंदाला २२४ जीबी डेटा वाहायचा तिथे आता १६८ वाहतो. नंतर आलेलं कार्ड आधीच्यापेक्षा हळू आहे आणि नाव तेच. हे काही पहिल्यांदा घडलेलं नाही. जीटी १०३० चं तर याहून वाईट झालं होतं. २०१७ साली ते जीडीडीआर५ मेमरीसह आलं आणि पुढच्या वर्षी त्याच नावाने साधी डीडीआर४ लावलेलं आलं. मेमरीचा वेग सेकंदाला ४८ जीबीवरून सतरावर आला, खोक्यावरचं नाव मात्र जसंच्या तसं. म्हणून कार्डाचे व्हिडिओ बघताना त्या माणसाच्या हातात नेमकी कुठली ३०५० आहे ते आधी बघ. तू पंधरा दिवस बघितलेल्यांपैकी निम्मे व्हिडिओ बहुधा तू न घेणाऱ्या कार्डाचे असतील.

पण थांब. त्या ६ जीबीवाल्या कार्डात एक गोष्ट अशी आहे जी तुझ्या मित्राने सांगितली नाही आणि जी तुझ्यासाठी डीएलएसएसपेक्षा (लहान चित्र मोठं करून दाखवायचं एनव्हीडियाचं तंत्र, त्यावर पुढे बोलू) मोठी आहे. ते फक्त ७० वॉट खातं. मदरबोर्डच्या ज्या लांब स्लॉटमध्ये कार्ड बसतं तो स्लॉट स्वतःच ७५ वॉटपर्यंत वीज देऊ शकतो. म्हणजे या कार्डाला बहुतेक वेळा वेगळी पॉवर केबल लागतच नाही. खोचलं, स्क्रू आवळला, झालं. आरएक्स ६६०० ला १३२ वॉट लागतात. ते स्लॉटच्या आवाक्याबाहेर आहे, म्हणून त्याला एसएमपीएसमधून येणारी आठ पिनची केबल हवी. आणि तुझ्या २६० वॉटच्या ऑफिसवाल्या एसएमपीएसमध्ये ती केबल नसणार, यावर मी पैज लावायला तयार आहे.

हिशेब करून बघ. तुझा प्रोसेसर ६५ वॉटचा. मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे मिळून सढळ हाताने ५० धर. ३०५० चे ७० मिळवले की १८५. २६० मध्ये हे निभावतं, तेही एसएमपीएस धडधाकट असेल तर. एनव्हीडिया या कार्डासाठी ३०० वॉटची शिफारस करतं, म्हणजे कागदावर तू थोडा खालीच आहेस, पण कंपनीची शिफारस सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात खादाड मशीन डोळ्यांसमोर ठेवून केलेली असते. आता ७० च्या जागी ६६०० चे १३२ ठेव. बेरीज २४७. आकडा अजूनही २६० च्या आत आहे आणि इथेच लोक घसरतात. ‘बसतंय की!’ बसत नाही. कार्डं क्षणभरासाठी त्यांच्या ठरलेल्या आकड्याच्या बरीच वर उडी मारतात, आणि बरीच वर्षं ऑफिसात दिवसभर चालू राहिलेल्या एसएमपीएसला त्या उड्या झेलायला सांगणं बरं नव्हे. एएमडी ६६०० साठी ४५० वॉट सांगतं. इथे मी कंपनीचं ऐकेन.

‘केबल नाही तर ॲडाप्टर लावू’ हा विचार तुझ्या डोक्यात आला असेलच. मीही तुझ्याएवढा असताना हेच केलं होतं. हार्ड डिस्कला वीज देणारी जी चपटी सॅटा केबल असते तिच्यावरून आठ पिन काढून देणारा एक ॲडाप्टर मिळतो. दिसायला निरुपद्रवी. मी तो लावला, कार्ड सुरू झालं, मी स्वतःची पाठ थोपटून घेतली. तिसऱ्या रात्री गेम ऐन रंगात आला असताना जळकट वास आला. कॅबिनेट उघडलं तर सॅटाचा प्लग मऊ होऊन तपकिरी पडला होता. कार्ड वाचलं, माझी झोप उडाली. कारण नंतर कळलं: सॅटाच्या प्लगमधली १२ व्होल्टची लाइन ५४ वॉटसाठी बनवलेली असते आणि आठ पिनच्या केबलने १५० वॉटपर्यंत वीज जाते. नळाच्या तोटीला अग्निशमन दलाचा पाइप जोडण्यासारखं आहे ते. तो ॲडाप्टर फुकट दिला तरी घेऊ नकोस.

मग एसएमपीएसच बदलायचा. उरलेल्या पैशांत एखादी वस्तू येईल म्हणतोस, ती हीच असू दे. पण तुझं मशीन ब्रँडेड ऑफिस डेस्कटॉप आहे, आणि अशा मशीनची एक खोड असते. बाजारात मिळणारा साधा एसएमपीएस मदरबोर्डला २४ पिनच्या रुंद प्लगने जोडला जातो. मोठ्या कंपन्यांच्या बऱ्याच ऑफिस डेस्कटॉपमध्ये तो प्लगच नसतो. तिथे सहा किंवा आठ पिनचा त्यांचा स्वतःचा प्लग असतो, एसएसडीची वीज मदरबोर्डमधूनच निघते, आणि एसएमपीएसचा आकारही कधी कधी असा असतो की साधा डबा मागच्या खाचेत बसत नाही. हे बाहेरून दिसत नाही, आणि विकणारा तर सांगणारच नाही.

तेव्हा आज संध्याकाळी एवढंच कर. मशीन बंद कर, मागची मुख्य केबल काढ, बाजूचं झाकण उघड. एसएमपीएसमधून निघून मदरबोर्डला जाणारी सगळ्यात जाड केबल शोध आणि तिच्या प्लगच्या पिना मोज. दोन रांगांत बारा-बारा असतील तर नशीब तुझ्या बाजूने आहे. सहा किंवा आठ असतील तर नाही. तिथेच असताना एसएमपीएसची लांबी-रुंदी-उंची आणि स्क्रूच्या जागा मोबाइलने टिपून ठेव. स्लॉटपासून समोरच्या बाजूपर्यंत किती सेंटीमीटर मोकळे आहेत तेही मोज. दोन पंख्यांच्या ६६०० ची लांबी मॉडेलनुसार १९ ते २४ सेंटीमीटर असते आणि जुन्या टॉवरमध्ये हार्ड डिस्कचा पिंजरा नेमका तिथेच आडवा येतो.

पिना २४ निघाल्या तर माझं उत्तर सरळ आहे. सेकंडहँड आरएक्स ६६०० घे आणि उरलेल्या पैशांत चांगल्या कंपनीचा ४५० किंवा ५०० वॉटचा एसएमपीएस घे, ज्यात पीसीआयई असं लिहिलेली ६+२ पिनची केबल असेल. एसएमपीएस नवाच घे, कार्ड जुनं चालेल. तो पुढच्या कॉम्प्युटरलाही उपयोगी पडतो, म्हणून हा खर्च मी तुझ्या या मशीनच्या नावे मांडतच नाही. एक सावधानी: एसएमपीएसमध्ये प्रोसेसरसाठीही ४+४ पिनची केबल असते. ती कार्डाच्या केबलसारखीच दिसते, पण तिच्यातल्या तारा उलट्या असतात. प्लगचा आकार वेगळा ठेवलाय तो चुकून लागू नये म्हणूनच. जोर लावावा लागतोय असं वाटलं की समज, केबल चुकली.

यात एक खोट आहे, लपवत नाही. तुझी रॅम ८ जीबी, तीही एकाच स्टिकची. सायबरपंक आता किमान १२ जीबी मागतो. एसएमपीएसवर पैसे गेले की रॅमला उरणार नाहीत. मग महिना-दोन महिने थांब. व्हॅलोरंट तोवर उत्तम चालेल, आणि नव्या कार्डावर चालेल. पैसे जमले की तशीच दुसरी ८ जीबी डीडीआर४ स्टिक घाल. एकावरून दोन स्टिक झाल्या की नुसती जागा वाढत नाही, प्रोसेसर दोन्हींशी एकाच वेळी बोलू लागतो आणि गेममधले बारीक झटके कमी होतात. माझ्या मते ऑफिसमधून निघालेल्या मशीनचा सर्वांत दुर्लक्षित आजार हाच आहे, एकुलती एक रॅम स्टिक. लोक कार्डावर कार्ड बदलतात आणि झटक्यांचं खापर ड्रायव्हरवर फोडतात.

पिना सहा किंवा आठ निघाल्या तर नवीन ३०५० घे, उरलेल्या पैशांत ती दुसरी रॅम स्टिक घे आणि खेळायला बस. २४ पिनवरून सहा पिन करून देणाऱ्या केबली मिळतात, त्यातल्या काही चालतातही. पण कुठल्या मदरबोर्डला कुठली, हे चुकलं तर मदरबोर्ड जातो. पहिल्यांदाच मशीन उघडणाऱ्याला मी ते करायला सांगणार नाही. या वाटेने गेलास तर तुझा दुसरा मित्र ‘पैसे पाण्यात’ म्हणेल. म्हणू दे. ज्या मशीनमध्ये ६६०० सुरूच होत नाही तिथे ती ३०५० पेक्षा किती टक्के वेगवान आहे याला अर्थ नाही.

मात्र ६ जीबीसोबत कसं राहायचं ते शिकावं लागेल. कार्डाची मेमरी भरली की गेम बंद पडत नाही. जास्तीचं टेक्स्चर (भिंती, कपडे यांवर चढवलेली चित्रं) वगैरे मुख्य रॅममध्ये जाऊन बसतं आणि लागेल तेव्हा स्लॉटमधून ये-जा करतं. आता आकडे बघ. कार्डाची स्वतःची मेमरी सेकंदाला १६८ जीबी देते. तुझ्या मदरबोर्डचा हा स्लॉट पीसीआयई ३.० या जुन्या पिढीचा आहे आणि या कार्डाला आठच लेन आहेत, म्हणजे तो रस्ता सेकंदाला जेमतेम ८ जीबीचा. महामार्गावरून एकदम बोळात. सरासरी फ्रेम चांगले दिसतात, पण वळणावर मान फिरवली की गेम अडखळतो. त्यावर उपाय साधा आहे: टेक्स्चर ‘हाय’ऐवजी ‘मीडियम’. बाकी सगळं तसंच ठेवून आधी एवढंच कमी करून बघ. ६६०० लाही आठच लेन आहेत, तीही पीसीआयई ४.० साठी बनलेली आहे आणि तुझ्याकडे थोडा वेग गमावेल, पण तिच्याकडे ८ जीबी असल्याने त्या बोळात शिरायची वेळ उशिरा येते.

ही दोन जीबी म्हणजे निव्वळ चैन आहे असं समजू नकोस. ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’ आणि ‘डूम: द डार्क एजेस’ या गेम्सच्या किमान गरजांच्या यादीत एएमडीचं कार्ड म्हणून आरएक्स ६६०० चंच नाव आहे आणि दोन्हींना ८ जीबीचं कार्ड अपेक्षित आहे. म्हणजे तू ज्या दोन कार्डांत अडकलास त्यांच्या मधोमधच ती रेष गेली आहे. अर्थात दोन्ही गेम्स तुझ्या प्रोसेसरपेक्षाही तगडा प्रोसेसर मागतात, तेव्हा हुरळून जाऊ नकोस.

आता पहिल्या मित्राचं म्हणणं. डीएलएसएसबद्दल तो बरोबर आहे. गेम कमी रिझोल्यूशनवर रंगवायचा आणि मग तो मोठा करून दाखवायचा, हे दोन्ही कार्डं करतात. एनव्हीडियाचं डीएलएसएस फक्त आरटीएक्स कार्डांवर चालतं, एएमडीचं एफएसआर दोन्हींवर. पण १०८०पी वर ‘क्वालिटी’ मोड लावला की आतला गेम खरं तर ७२०पी वर रंगवला जातो. एवढ्या थोड्या पिक्सेलवरून चित्र उभं करायचं तर डीएलएसएस स्पष्टपणे सरस ठरतं. एफएसआरमध्ये जाळीची कुंपणं, केस, पावसाचे थेंब चमचमतात, आणि एकदा ते डोळ्याला दिसले की दिसतच राहतात. एफएसआरची चौथी आवृत्ती बरीच सुधारली, पण ती अधिकृतपणे आली ती एएमडीच्या आरएक्स ९००० मालिकेसाठी. तरीही हिशेब असा आहे की ज्या गेममध्ये ३०५० ला साठ फ्रेम गाठायला डीएलएसएसची काठी लागते, तिथे ६६०० बऱ्याचदा काठीशिवाय चालते. फ्रेम जनरेशनची, म्हणजे मधल्या फ्रेम कार्डाने स्वतःच बनवून घालण्याची, जाहिरात वाचून भुलला असशील तर तेही सांगतो: एनव्हीडियाची डीएलएसएस फ्रेम जनरेशन ३००० मालिकेच्या कार्डांना मिळत नाही.

ड्रायव्हरबद्दलचं त्याचं म्हणणं मात्र जुनं झालंय. एएमडीचे ड्रायव्हर एके काळी खरोखर डोकेदुखी होते. ६६०० ही २०२१ साली आलेली, सगळ्या अंगांनी तपासून निघालेली वस्तू आहे. चिंता करायचीच तर वेगळी कर. २०२५ च्या अखेरीस एएमडीने या पिढीची कार्डं ड्रायव्हरच्या वेगळ्या शाखेत हलवली. सुधारणा येत राहतील असं कंपनी म्हणते, पण नव्या कार्डांचे लाड आधी होणार हे उघड आहे. दोन-तीन वर्षांच्या वापरासाठी मला त्यात अडचण दिसत नाही. रे ट्रेसिंगवरून, म्हणजे प्रकाशकिरणांचा हिशेब करून सावल्या-प्रतिबिंबं रंगवण्यावरून, दोन्हींत निवड करू नकोस. ती करण्याएवढा दम दोन्हींत नाही.

बहिणीच्या ब्लेंडरला दोन्ही कार्डं चालतील. रेंडरिंगच्या, म्हणजे मॉडेलचं अंतिम चित्र तयार करण्याच्या, वेगात एनव्हीडिया पुढे आहे, कारण ब्लेंडर तिथे ऑप्टिक्स हे एनव्हीडियाचं तंत्र वापरतं आणि ते खरोखर वेगवान आहे. पण शिकणाऱ्याचे पहिले सहा महिने रेंडर करण्यात जात नाहीत, मॉडेल बनवण्यात जातात. ती उद्या याच क्षेत्रात जायचं म्हणाली तर तेव्हा तिच्यासाठी वेगळा विचार करू. आज तिच्यासाठी तू तुझं कार्ड बदलू नकोस. (तिला हे माझ्या नावावर सांगितलंस तरी चालेल.)

सेकंडहँड घेताना बघायच्या गोष्टी. विकणाऱ्याच्या मशीनवर कार्ड चालू अवस्थेत बघ, पिशवीत ठेवलेलं नाही. जीपीयू-झेड नावाचं छोटं सॉफ्टवेअर उघडायला सांग आणि १७९२ शेडर, १२८ बिट, ८ जीबी, हे तीन आकडे जुळतात का बघ. स्टिकर बदललेली आणि बायोसमध्ये (कार्डातल्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) नाव बदललेली कार्डं फिरत असतात. मग कार्डाला पूर्ण ताण देणारी फरमार्कसारखी चाचणी पंधरा-वीस मिनिटं चालव. पडद्यावर रंगीत ठिपके, चौकोन, क्षणभर काळा पडदा, काहीही दिसलं तर नमस्कार करून निघ. पंख्यांकडे कान दे. खरखर ऐकू आली तर किंमत कमी करून घेता येते, कारण पंखा बदलता येतो. सगळ्या पोर्टांत केबल घालून बघ. मागची स्क्रूची डोकी झिजलेली असतील तर कार्ड कुणीतरी उघडलंय. का, ते विचार.

‘मायनिंगचं असेल तर?’ असं तू विचारशीलच. असू शकतं. २०२१-२२ मध्ये ही कार्डं इथेरियम हे आभासी चलन कमावण्यासाठी (त्यालाच मायनिंग म्हणतात) दिवसरात्र सर्रास राबवली गेली. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमने मायनिंगची पद्धतच सोडली आणि कार्डांचे ढीग बाजारात आले. पण मायनर लोक कार्ड कमी वॉटवर आणि एकाच तापमानाला चालवायचे. चिप त्याने फारशी झिजत नाही. झिजतात ते पंखे, आणि वाळते ती चिपची उष्णता बाहेर नेणारी थर्मल पेस्ट. चाचणीत तापमान आटोक्यात राहिलं तर कार्डाचा पूर्वेतिहास मी फार उकरत बसणार नाही. परत घेण्याची आठवडाभराची हमी मात्र लेखी माग. ती द्यायला जो काचकूच करतो त्याच्याकडून वस्तू घ्यायची नाही.

शोधताना आणखी दोन कार्डं तुला खुणावतील. जीटीएक्स १६६० सुपर स्वस्तात मिळेल, पण तिच्यात रे ट्रेसिंगचं हार्डवेअर नाही, आणि वर सांगितलेले दोन्ही गेम्स त्याशिवाय सुरूच होत नाहीत. इंटेलची आर्क कार्डं कागदावर छान दिसतात, पण त्यांना रिसायझेबल बार नावाची सोय लागते, जिच्यामुळे प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरता येते. म्हणून इंटेल ही कार्डं दहाव्या पिढीपासूनच्या प्रोसेसरसाठी सांगतं. तुझा आठव्या पिढीचा आहे. सोड.

आणि हो, आठवी पिढी हीच विंडोज ११ चालवणारी इंटेलची खालची मर्यादा आहे, म्हणजे तू थोडक्यात वाचलायस. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ११ वर व्हॅलोरंट खेळायला मशीनच्या बायोसमध्ये (सुरुवातीच्या सेटिंगमध्ये) टीपीएम आणि सिक्युअर बूट या दोन्ही सुरक्षेच्या सोयी चालू लागतात. ऑफिसच्या मशीनमध्ये ते कुणी कुणी बंद करून ठेवलेलं असतं. कार्ड बसवायच्या आधीच ते बघून घे, नाहीतर गेम उघडला नाही की बिचाऱ्या नव्या कार्डावर संशय जाईल.

कार्ड बसवून मशीन चालू केलंस आणि पडदा काळाच राहिला, तर मला पत्र लिहायच्या आधी मागे वाकून बघ. मॉनिटरची केबल अजून मदरबोर्डच्या पोर्टमध्येच असेल. ती काढून कार्डाच्या पोर्टमध्ये लाव. मॉनिटर जुना असून त्याला फक्त निळा व्हीजीए प्लग लागत असेल तर तो या दोन्ही कार्डांवर कदाचित सापडणार नाही. एचडीएमआयवरून व्हीजीए करणारा छोटा कन्व्हर्टर आणावा लागेल. त्याचे पैसे आधीच बाजूला काढून ठेव.